पऱ्हाटीमिश्रित प्लॅस्टिक : मजबुतीबरोबर झीजही पाहावी

कपाशीची वेचणी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यातील शिवारांत पऱ्हाट्यांचे ढीग उभे राहतात. काही चुलीत जातात, पुष्कळशा बांधावर जाळल्या जातात. या पऱ्हाटीचा भुसा प्लॅस्टिकमध्ये मिसळून उपयुक्त वस्तू बनविता येतात, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु अशी वस्तू घेताना ‘मजबूत आहे काय?’ एवढेच न विचारता ‘घासली असता किती झिजते?’ हेही विचारले पाहिजे, असे माझे मत आहे.

मजबुती व झीज या निरनिराळ्या गोष्टी होत. वखराची पास सहसा मोडत नाही, ती झिजते. वनस्पतीचा तंतू पाणी शोषतो, पॉलिएथिलीनसारखे प्लॅस्टिक ते शोषीत नाही. म्हणून दोहोंची पकड मुळातच सैल असते. घर्षण होताच तंतू सुटतात, खळगे पडतात आणि सुटलेले कण मध्ये सापडून झीज वाढवितात. भुसा नीट वाळवून कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाने धुतल्यास पकड सुधारते. योग्य प्रमाणात घातलेला तंतू झीज कमीही करू शकतो. प्रमाण बेसुमार झाल्यास ती वाढते. मिश्रण करताना उष्णता सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली तर तंतू करपतो. भाताच्या तुसात सिलिका विपुल असल्याने ते साच्याच्या लोखंडालाही झिजविते. सर्व भुसे सारखे नव्हेत.

येथे शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी आहे. पैसा तर जातोच. शिवाय झिजलेल्या प्लॅस्टिकचे कण काळ्या मातीत राहतात. पऱ्हाटी कुजते, हे प्लॅस्टिक कुजत नाही.

मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९२४ साली झाली, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनविण्याचे तंत्र विकसित केले आहे. असे बोर्ड घर्षण नसलेल्या जागी वापरले जातात. मिश्रित प्लॅस्टिकचाही प्रारंभ फळ्या, पेट्या अशा वस्तूंपासून व्हावा. चाकाचे बूश किंवा मातीत चालणारे भाग मात्र झीज-चाचणीचे आकडे पाहिल्यावाचून घेऊ नयेत.

ग्रामसेवकांनी गावातच एक साधा प्रयोग करून दाखवावा. नमुन्याचा तुकडा तोलावा, ओल्या रेतीवर ठराविक वेळ घासावा, धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोलावा. त्याच मापाचा साध्या प्लॅस्टिकचा तुकडाही तसाच घासून पाहावा. दोन्ही वजनांतील घट शेतकऱ्यांसमोर मांडावी. बैलगाडीच्या आसाला वंगण देणाऱ्या शेतकऱ्यास घर्षण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्याच्यापुढे खरा आकडा ठेवला म्हणजे पुरे.