टिकाऊपणा पोलादात, की देखभालीत?

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि वाशीम जिल्ह्यातील उद्योगांच्या अपेक्षांना बळ मिळाले. शिरपूर जैनसारख्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातील गावांजवळ प्रक्रिया उद्योग यावेत, ही मागणी रास्तच आहे. मात्र केवळ रस्ता आणि जमीन मिळाल्याने कारखाना चालत नाही. त्याचा सारा भार बेअरिंग वाहतात आणि डाळमिल वा जिनिंगमध्ये धूळ हा त्यांचा मोठा शत्रू असतो.

स्वीडनमधील कापडगिरणीत शाफ्ट सरळ रेषेत राहत नसे. त्या त्रासातूनच अभियंता स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये शाफ्टच्या तिरकेपणाशी जुळवून घेणारे बेअरिंग घडविले. त्यांची एसकेएफ कंपनी पुढे चिंचवडलाही आली. बेअरिंगनिर्मिती महाराष्ट्राला नवी नाही. उणीव आहे ती वापरातील शिस्तीची. रोलर बेअरिंगवरील भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य सुमारे एक दशांशावर येते. पट्टा गरजेपेक्षा अधिक ताणला, तरी भार वाढतो. वंगणात शिरलेले धूळकण रोलरखाली चिरडले जाऊन पोलादावर सूक्ष्म खड्डे पाडतात आणि तेथूनच भेगा सुरू होतात. स्वस्त, बनावट बेअरिंग तर ही हानी अधिकच लवकर ओढवून घेते.

ऐन हंगामात यंत्र थांबले, तर तोटा केवळ सुट्या भागाच्या किमतीपुरता राहत नाही. शेतकऱ्याचा माल पडून राहतो. म्हणूनच यंत्रांना अनुदान देणाऱ्या शासनाने आयटीआयमधून देखभालीचे कुशल कारागीर घडविण्यालाही तितकेच महत्त्व द्यायला हवे.