‘बदल केला’ म्हणे!

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत लागलेली आमच्या बीडची पोरं दिवाळीला घरी येतात ती ‘गिट’ची पोथी तोंडपाठ करूनच. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थानं २००५ साली ते रचलं. प्रोग्राममध्ये कुणी, कधी, काय बदललं याचं दप्तर ठेवायचं, हे त्याचं काम. पण पोरं अशा थाटात सांगतात, की दप्तर ठेवण्याची कल्पनाच जणू सातासमुद्रापलीकडून आली!

अरे, तुमच्या आजोबांच्या सातबाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं! नोंदीसाठी कागद पुढे सरकवणं म्हणजे ‘ॲड’. शेरा लिहून फेरफार नोंदवणं म्हणजे ‘कमिट’. आपली नोंद सामायिक दप्तरात धाडली की ‘पुश’, इतरांच्या नोंदी आपल्याकडे आणल्या की ‘पुल’. मागचे फेरफार चाळायचे तर ‘लॉग’, जुन्या-नव्यातला फरक बघायचा तर ‘डिफ’. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर गिट हात जोडून म्हणतं, बाबांनो, बांध तुमचा, तुम्हीच मिटवा. आणि बदल मागे घ्यायचा तर ‘रिव्हर्ट’. त्यात जुनी नोंद पुसत नाहीत, उलटी नोंद घालतात. हे तर आम्हां बी.कॉम.वाल्यांच्या अंगवळणीच पडलेलं.

इथवर आमचं भांडण नाही. भांडण आहे ते शेऱ्यावरून. गिट प्रत्येक कमिटला शेरा मागतं. कोरा ठेवला तर सहसा कमिटच घेत नाही. आणि ही इंजिनियर मंडळी लिहितात काय? ‘फिक्स.’ ‘अपडेट.’ ‘बदल केला.’ वा रे पठ्ठे! बदल केला हे गिटलाही कळतं. का केला, ते सांगा की!

आमचा तलाठी (२०२४पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफारात नुसतं ‘बदल केला’ लिहून सुटेल काय? १९६६च्या जमीन महसूल संहितेचं १५०वं कलम डोक्यावर आहे. खरेदी की वारसा, कुणाचं नाव कमी, कुणाचं दाखल, सगळं लिहायचं. मग नोटिसा, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. जुन्या नावाला कंस पडतो, पण फेरफाराचा नंबर धरून मागे जाता येतं. तलाठ्याला नावं जरूर ठेवा. पण आधी आपला ‘लॉग’ बघा.

शेरा हा आजच्यासाठी नसतोच. २०२३ साली सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातली निजामकाळची दप्तरं उघडली. उर्दू वाचणारे शोधा, मोडी वाचणारे शोधा! कशासाठी? ‘कुणबी’ या एका शब्दासाठी. आरक्षणाच्या वादात कोण बरोबर, ते आम्ही काउंटरवर बसून ठरवत नाही. पण कुण्या कारकुनानं बोरूनं लिहिलेल्या त्या एका शब्दावर आज पणतवंडांचा दाखला अवलंबून आहे. त्यानं कंटाळून ‘अपडेट’ लिहिलं असतं तर?

तेव्हा पोरांनो, पुश करा, पुल करा, परदेशी जा. पण त्या चौकटीत एक धड वाक्य लिहा. कारकुनांना हसायचा हक्क त्यानंतरचा!