गाडी नंतर, मुक्काम आधी

मोटरहोम घ्यायचं का, हा प्रश्न आमच्या घरात अलीकडे जेवताना निघतो. मुलांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेत. नदीकाठी उभी गाडी, मागचं दार उघडं, आत चहा उकळतोय. माझं उत्तर ठरलेलं आहे: घेऊ, पण ती रात्री कुठे उभी राहणार ते आधी कागदावर लिहू. कागद भरला की पैशाचं बोलू.

या इच्छेमागे नुसती हौस नाही. लॉजच्या काउंटरवर 'खोली आहे' म्हणणारा माणूस आधारकार्डावरचं नाव वाचून 'अहो, आत्ताच बुकिंग आलं' म्हणतो, हे आम्ही अनुभवलंय. दरवेळी होत नाही, बहुतेक वेळा होतच नाही. पण दोनदा झालं की तिसऱ्या वेळी बायको खोलीचं नक्की होईपर्यंत गाडीतून उतरत नाही. शिवाय हलाल जेवणाचा शोध, वजूला पाणी, फजरला एखादा स्वच्छ कोपरा. स्वतःचं छप्पर आणि स्वतःची चूल सोबत असली की कुणाला काही विचारायला नको, असं वाटणं साहजिक आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवीही नाही. अजमेरच्या उरूसाला टेम्पोत सतरंज्या, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि दोन आज्या घालून निघालेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मोटरहोमचं अप्रूप कमीच वाटेल. कॅरॅव्हॅन हा शब्दसुद्धा आपला कारवाँच आहे, इंग्रजीत जाऊन परत आलेला. फक्त कारवाँसोबत सरायही असायची, ती परत आली नाही. शेरशाह सूरीने दर दोन कोसांवर सराया बांधल्या, हिंदू-मुसलमान दोघांची वेगवेगळी सोय केली आणि दाराशी पाण्याचे रांजण ठेवले, असं अब्बास खान सरवानीने लिहून ठेवलंय. बुऱ्हाणपूरची अकबरी सराय तर आपल्या जळगावपासून लांब नाही. बैलगाडी कुणाचीही असो, रात्र कुठे काढायची हे ठरलेलं असे.

आज ते ठरलेलं नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात वीज, पाणी, स्वच्छतागृह असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. केरळनेही त्याच वर्षी धोरण काढलं आणि पुढच्या वर्षी वागमोनला पहिलं पार्क सुरू केलं. पण आपण कोकणात नाहीतर मराठवाड्यात सहज निघालो, तर संध्याकाळी हाताशी येतो तो पेट्रोलपंप, ढाबा किंवा ओळखीच्या माणसाचं अंगण. पंपावर रात्री बारा वाजता वॉचमन काचेवर टॉर्च मारतो आणि विचारतो, कोण? कुठले? म्हणजे ज्या प्रश्नाला टाळायला आपण घर सोबत आणलं, तो प्रश्न दाराशीच हजर. फरक इतकाच, की लॉजवाला नाही म्हणाला तर पुढच्या लॉजकडे जाता येतं. इथे मुलं झोपलेली असतात.

म्हणून कधी घ्यायची, याचं माझं माप साधं आहे. जिथे हक्काने गाडी लावता येईल अशा दहा जागा लिहून काढाव्यात. नातेवाइकांची वाडी, मित्राचं शेत, एखादं रिसॉर्ट जे पैसे घेऊन आवारात वीज-पाणी देतं. मशिदीचं आवार मी धरत नाही. वजूखान्याचं पाणी आणि दोन घटका विश्रांती मिळेल, पण कुटुंबासह रात्र काढणं ही विश्वस्तांना भीड घालण्याची गोष्ट झाली. दहा जागा होत नसतील, तर गाडी अंगणात धूळ खाईल.

मग रात्री मोजाव्यात. कोकण जून ते सप्टेंबर पाण्यात, मराठवाडा-विदर्भ एप्रिल-मेमध्ये भट्टीत, मुलांच्या परीक्षा आणि रमजान वेगळेच. नोकरदार माणसाला वर्षाला वीस रात्री मिळाल्या तर खूप. समजा गाडी 30 लाखांची पडली आणि दहा वर्षांनी निम्म्याला विकली. 15 लाख भागिले 200 रात्री, म्हणजे रात्रीला 7,500 रुपये. त्यात डिझेल, विमा, टायर धरलेले नाहीत.

कर्ज काढून घेण्याच्या मी विरोधात आहे. तेच 30 लाख 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी उचलले तर महिन्याला 48 हजारांच्या वर हप्ता आणि एकूण साडेदहा लाखांच्या आसपास व्याज. घरासाठी, शिक्षणासाठी व्याजाचं कर्ज घ्यावं की नाही यावर आपल्यात वाद आहेत, आणि गरजू माणसाला मी उपदेश करणार नाही. पण सुट्टीच्या गाडीला गरज म्हणणं कुठल्याही मौलवीला पटवता येणार नाही, आणि माझ्या सीएलाही.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गल्लीतल्या सुताराकडून आत बेड-ओटा करून घेणं सर्वांत स्वस्त, आणि मला सर्वांत धोक्याचं वाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. गाडी त्याप्रमाणे मंजूर आणि आरसीवर तशी नोंद असेल तरच पैसे द्यावेत. नाहीतर सिलिंडरने पेट घेतल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न आरसीबद्दल विचारेल. वापरलेली बघायची असेल तर ऑगस्टमध्ये, धो-धो पावसात बघा. छत गळतं का, हे तेव्हा विक्रेत्याला लपवता येत नाही.

आतल्या सोयींचा हिशेबही व्हिडिओत दिसत नाही. एक किलोवॅट खाणारा एसी आठ तास चालला तर आठ युनिट लागतील. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम 2.4 युनिट मावतात. बाहेरून वीज नसेल तर पंख्यावर झोपायची तयारी हवी. पाण्याचं तसंच. चार माणसं, पाच वेळा वजू, जपून एक-एक लिटर धरलं तरी दिवसाला 20 लिटर. त्यावर स्वयंपाक, भांडी, संडास. शंभर लिटरची टाकी दुसऱ्या दिवशी दुपारी खडखडाट. पैगंबर साहेब एका मुद्दात, म्हणजे पाऊण लिटरच्या आत, वजू करत. आमच्या धाकट्याला हे पाठ आहे, नळ मात्र तो पूर्ण सोडतो.

तेव्हा डिसेंबरात चार रात्रींसाठी भाड्याची गाडी बघतोय. दापोलीकडे, पहिल्या दोन रात्री चुलत्यांच्या वाडीत आणि पुढच्या दोन ओळख नसलेल्या ठिकाणी, मुद्दाम. अम्मी येणार आहेत. गाडीची पायरी त्यांच्या गुडघ्यांना झेपते का, ते सगळ्यात आधी बघायचंय.