ग्रहणाची सावली आणि इंदापूर-बारामतीची हवा

सूर्यग्रहण म्हटले, की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती वेध कधी लागणार आणि मोक्ष कधी होणार याची. दुसरी चर्चा होते ती चष्म्यांची. ग्रहणाच्या त्या दोन-तीन तासांत डोक्यावरच्या हवेचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक हवामानशास्त्राच्या दृष्टीने ग्रहण ही निसर्गाने स्वतःहून मांडलेली प्रयोगशाळा असते. सूर्याची उष्णता नेमकी कधी कमी होणार आणि कधी पूर्ववत होणार, हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक असते. ढग किंवा वादळ अशी पूर्वसूचना देत नाही.

या प्रयोगशाळेशी पुणे-सोलापूर पट्ट्याचे नाते जुने आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे विदर्भाच्या दिशेने गेली. तिच्या वाटेत करमाळा तालुक्यातील जेऊर हे रेल्वेस्थानक होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनी तेथे तळ ठोकून चाळीस फूट लांबीच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे घेतली. पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही जेऊरलाच वेध घेतले. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलेले ते दिवस होते. भीमेच्या खोऱ्यात जेऊरजवळच असलेले इंदापूरही त्या दिवशी सावलीच्या वाटेत होते.

त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्ग किल्ल्यावर आले होते. तेथील 'साहेबाचे ओटे' ही त्याची खूण आहे. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर यांनी याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे अनेकदा छापून येते. मात्र त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते.

सावलीत काय घडते?

दिवसा हवा थेट सूर्यामुळे फारशी तापत नाही. आधी जमीन तापते आणि जमिनीमुळे हवा तापते. ग्रहणात हा पुरवठा आटतो. जमीन लगेच निवू लागते, हवा काही मिनिटे मागे राहते. त्यामुळे तापमानाचा नीचांक ग्रहणमध्यानंतर थोड्या वेळाने नोंदला जातो. तापलेल्या हवेची वर-खाली होणारी घुसळण मंदावते, जमिनीलगतचा वारा पडतो आणि सापेक्ष आर्द्रता वाढते. १९०० मधील ग्रहणाच्या नोंदींवरून अमेरिकी हवामानतज्ज्ञ हेन्री हेल्म क्लेटन यांनी ग्रहणाचे स्वतंत्र वारे असतात, अशी मांडणी केली. त्यावर शंभर वर्षे वाद होत राहिला.

वरच्या थरांतही खळबळ होते. चंद्राची सावली ध्वनीपेक्षा अधिक वेगाने धावते. त्यामुळे नौकेमागे पाण्यात उठतात तशा लाटा वातावरणात उठाव्यात, असे भाकीत चिमोनास आणि हाइन्स यांनी १९७० मध्ये केले होते. २०१७ च्या अमेरिकेतील ग्रहणात आयनांबरात अशा लाटांच्या खुणा मिळाल्या. भारतात १५ जानेवारी २०१० च्या कंकणाकृती ग्रहणात थुंबा येथून रोहिणी अग्निबाण सोडून वरच्या वातावरणाची मोजमापे घेण्यात आली.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेवरील ग्रहणांच्या उपग्रह-नोंदी तपासताना नेदरलँड्समधील संशोधकांना असे आढळले, की सूर्याचा सुमारे १५ टक्के भाग झाकला जाताच जमिनीवरील कापसासारखे उथळ ढग विरू लागतात. सूर्यप्रकाश कृत्रिमरीत्या अडवून पृथ्वी थंड करण्याच्या ज्या योजना आज चर्चेत आहेत, त्यांच्यासाठी हा इशाराच आहे. ऊन अडवताना ढगही गमावले, तर त्या योजनांचा हिशेबच बदलतो.

येथेच मोजमाप का?

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतील तालुके आहेत. येथे ढग येतात, पण बरसतीलच याची खात्री नसते. शिवाय थोड्या अंतरात तीन वेगळे भूभाग येथे सापडतात. नीरेच्या कालव्यावरचा ऊस, कालव्याचे पाणी न पोहोचलेली जिरायत जमीन आणि भिगवणपासून पसरलेला उजनीचा जलाशय. एकाच सावलीखाली या तिघांवरील हवा वेगवेगळ्या वेगाने निवेल. कारण ओली जमीन आणि पाणी उष्णता धरून ठेवतात, कोरडी जमीन ती चटकन सोडते. हा फरक आकड्यांत मिळाला, तर द्राक्ष-डाळिंबावरील रोगांचा अंदाज आणि पिकांच्या पाण्याची गरज यांची गणिते तपासून पाहता येतील.

साधनांची वानवा नाही. माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे, महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. अडचण आहे ती समन्वयाची. ग्रहणाचा परिणाम मिनिटांत घडतो. तासाला एक नोंद घेतली, तर तो हातातून निसटतो. ग्रहणाच्या दिवशी, तसेच आदल्या व नंतरच्या दिवशीही दर मिनिटाला नोंद व्हायला हवी. अन्यथा तुलना कशाशी करणार?

सौर विजेचा प्रश्नही त्यात आहे. २६ डिसेंबर २०१९ आणि २१ जून २०२० च्या ग्रहणांपूर्वी राष्ट्रीय वीजजाल चालवणाऱ्या यंत्रणेने सौर वीजनिर्मितीतील घटीचा अंदाज आधीच बांधला होता. त्यानंतर राज्यात शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यावर भर वाढला आहे. पुढच्या ग्रहणात ही घट शिवारापर्यंत जाणवू शकते.

पुढची संधी

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल. त्याचा परिणाम सौम्य असेल आणि पावसाळी ढग आड येतील, ही शक्यता धरूनच चालावे लागेल. मात्र, तो सराव ठरू शकतो. खरी कसोटी २१ मे २०३१ ची आहे. त्या दिवशी केरळ-तमिळनाडूवरून कंकणाकृती ग्रहण जाईल आणि ऐन उन्हाळ्यात, जमीन तापलेली असताना, महाराष्ट्रातही ते खंडग्रास दिसेल.

जेऊरला परदेशी शास्त्रज्ञ समुद्र ओलांडून आले, ते अवघ्या दोनएक मिनिटांच्या काळोखासाठी. आज साधने गावात आहेत आणि तारीख माहीत आहे. तरीही त्या दिवशीच्या नोंदी आपल्या हाती नसल्या, तर त्याचा दोष ग्रहणाला देता येणार नाही.