मर रोगाला वाण हवा, पिशवी नको



उत्तर गुजरातेत जिरे पिकते. पाणी थोडे, थंडी कोरडी, पैसा रोख. पण मर लागली की उभे रान चट्ट्याचट्ट्यांनी वाळते. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. झाड सुकू लागल्यावर वरून फवारा मारून काही हाती लागत नाही. तूर-हरभरा पेरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

यावर तोड काढली ती जगुदणच्या सरकारी मसाला संशोधन केंद्राने. २००३ साली आलेला गुजरात जिरे-४ मर बऱ्यापैकी सोसतो. तो सरळ वाण आहे, बी घरचे ठेवता येते. आपल्याकडे बदनापूरच्या बीएसएमआर-७३६ तुरीचे तेच. मर सोसते, वांझही सोसते.

असे वाण काढण्याची रीत साधी, पण चिकाटीची. मर हमखास लागते ते रान मुद्दाम रोगट ठेवायचे, त्यात शेकडो ओळी पेरायच्या आणि जगेल त्याचेच बी पुढे न्यायचे. यात वर्षे जातात. कंपनीला हा धंदा परवडत नाही, कारण एकदा बी नेलेला शेतकरी परत दुकानाची पायरी चढत नाही!

म्हणून आपल्या गळ्यात संकरित. त्याच गुजरातेत, सुरतेच्या केंद्राने १९७० साली एच-४ ही संकरित कपाशी दिली. तिने उत्पन्न वाढवले, आम्ही ते नाकारत नाही. पण २००२ साली बीटी आली तीही संकरितातच. परदेशात ती सरळ वाणात पेरतात. आता गुलाबी बोंडअळी त्या बीटीला जुमानत नाही, पिशवी मात्र दरसाल विकत घ्यायची.

जिरे-४ आले म्हणून सगळे भागले असेही नाही. ढगाळ हवेत करपा येतो, फवारण्या चुकत नाहीत. बुरशीही बदलते. म्हणजे केंद्रात पैदासकार कायम हवा, रोगट वाफा कायम हवा. विद्यापीठांतल्या जागा रिकाम्या ठेवून हे काम कोण करणार? बियाणे कंपनीचा एजंट?

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ वाचा. संरक्षित वाणाचेही बी ठेवा, पेरा, अदलाबदल करा, विका. छाप मारून विकू नका, एवढीच अट. नोंदणीकृत वाण सांगितल्याप्रमाणे पिकला नाही तर भरपाई मागता येते.

जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दोन प्रश्न लेखी आणावेत: आपल्या विद्यापीठात मर रोगाचा वाफा किती एकरांवर चालू आहे, आणि यंदा सरळ वाणांचे पायाभूत बियाणे किती क्विंटल निघणार?