गल्ला आणि कंपनी

अझीम प्रेमजींचं नाव आपल्याकडे अभिमानाने घेतलं जातं. त्यांच्या वडिलांचं नाव मात्र फार थोड्यांना सांगता येतं. मला ते वडील, मोहम्मद हाशम प्रेमजी, जास्त जवळचे वाटतात.

ते तांदळाचे व्यापारी. बर्माच्या तांदळात इतका जम की लोक त्यांना 'राइस किंग ऑफ बर्मा' म्हणत. 29 डिसेंबर 1945 रोजी त्यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली आणि कारखाना टाकला आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. खानदेशच्या भुईमुगाचं तेल काढायचं, वनस्पती तूप बनवायचं (आपल्या घरांत अजूनही सरसकट 'डालडा' म्हणतात ते), सोबत कपडे धुण्याचा साबण.

फाळणीच्या वेळी जिनांनी बोलावलं तरी ते पाकिस्तानात गेले नाहीत, हा किस्सा भाषणांत हमखास येतो. येऊ दे. पण निष्ठेचा दाखला म्हणून आपणच तो का मिरवायचा? त्यांचा दुसरा निर्णय मला मोठा वाटतो. 1946 मध्ये त्यांनी कंपनीचे शेअर लोकांसाठी खुले केले. म्हणजे दरवर्षी हिशेब मांडायचा, सभा घ्यायची आणि परका माणूस प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर द्यायचं.

1966 मध्ये ते अचानक गेले. मुलगा 21 वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण सोडून तो परतला, तर भागधारकांच्या सभेत एकाने तोंडावर सांगितलं, तुम्हाला हे झेपणार नाही, विकून मोकळे व्हा. बोलणं झोंबणारं, पण तो हक्क वडिलांनीच देऊन ठेवला होता. पुढे याच कंपनीची विप्रो झाली, आणि जुने शेअर सांभाळून ठेवलेली अमळनेरची कितीतरी साधी घरं श्रीमंत झाली.

आता आपल्या मोहल्ल्यातली बेकरी, भंगाराचं दुकान, फळांची गाडी बघा. कष्ट कुणाहून कमी नाहीत. पण सगळा हिशेब अब्बांच्या डोक्यात असतो. अब्बा गेले की कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, कुणालाच माहीत नसतं. मोठा भाई म्हणतो दुकान मी वाढवलं, धाकटा म्हणतो घाम माझा. बहिणीचा वाटा तर शरीयतने ठरवून दिलेला, पण दुकानाची किंमतच कागदावर नसल्याने तिच्याकडून तो 'माफ' करून घेतला जातो. कुरआनातली सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे मजलिसींत किती वेळा ऐकलंय?

कागद केला की टॅक्सवाले मागे लागतात, असं अब्बा म्हणतील. त्यात तथ्य आहे. पण हिशेब दाखवता येत नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही आणि तेच अब्बा सावकाराला महिन्याला तीन टक्के मोजतात, तेव्हा हे गणित त्यांच्यासमोर वहीत मांडून दाखवायला घरातल्या बी.कॉम. झालेल्या मुलीला बसवा.