शटर तापण्याआधी ऊन अडवा

एक साधा प्रश्न. तुमच्या गॅरेजचं शटर मे महिन्यात दुपारी तीन वाजता उघड्या हाताने उचललंय कधी? उचललं असेल, तर हात झटकन मागे आला असेल.

उन्हाळ्यात आपण माठ भरतो, कूलर दुरुस्त करतो, गाडीला कव्हर घालतो. गाडीसमोरचं दार मात्र कुणाच्या यादीत नसतं. ते दिवसभर उन्हात उभं असतं आणि बिघडतं तेही नेमकं उन्हाळ्यातच. म्हणून आज त्या दाराबद्दल बोलू.

तुम्ही म्हणाल, हे वाळवंटातल्या लोकांचं दुखणं, आपल्याला काय त्याचं? राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, हे खरं. पण नागपूरनेही २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत. आणि आपलं कोलकाता? ३० एप्रिल २०२४ ला इथे पारा ४३ अंशांवर गेला होता. बागबाजारच्या गल्ल्यांत वाळू नाही, पण दुपारचं ऊन आहेच.

दाराला नेमकं होतं काय?

हवामान खातं सांगतं ते हवेचं तापमान, तेही सावलीतलं. उन्हातला गडद रंगाचा पत्रा त्याहून वीस-तीस अंशांनी जास्त तापू शकतो. म्हणजे हवा ४० अंश असताना शटर ६०-७० अंशांवर. एवढ्या तापलेल्या धातूने काही सेकंदांत चटका बसतो. लहान मुलांना तर मोठ्यांपेक्षा लवकर.

तापलेलं लोखंड प्रसरण पावतं. तीन मीटर रुंद शटर पहाटेपेक्षा दुपारी चाळीस अंशांनी जास्त तापलं, तर त्याची लांबी साधारण दीड मिलिमीटरने वाढते. ॲल्युमिनियमचं असेल तर जवळपास दुप्पट. हे थोडंसंच वाटतं. पण बाजूच्या चॅनेलमध्ये आधीच धूळ आणि जुनं ग्रीस घट्ट बसलेलं असेल, तर तेवढंही शटर अडायला पुरतं. मग आपण जोर लावतो, पट्टी वाकते आणि मिस्त्रीला फोन जातो.

लाकडाचं वेगळं आहे. त्याला उष्णतेपेक्षा कोरडेपणा जास्त छळतो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पावसाळा आला की तेच दार फुगून चौकटीत अडतं. तेव्हा लगेच रंधा मारून घेऊ नका. पुढच्या उन्हाळ्यात तिथे बोटभर फट दिसेल आणि मग ती बुजवत बसावं लागेल.

आधी दिशा बघा

खर्च करण्याआधी एवढंच तपासा, की तुमचं दार कोणत्या दिशेला आहे.

नागपूर आणि कोलकाता दोन्ही कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहेत. त्यामुळे मेअखेर ते जुलैच्या सुमारास दुपारी बाराचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेकडच्या दाराला तेव्हा लहानसा छज्जाही सावली देतो. खरा त्रास पश्चिमेच्या दाराला. तीन-चार वाजता सूर्य खाली उतरतो आणि किरणं छज्जाखालून थेट दारावर येतात. तिथे आडवा छज्जा पुरत नाही, दारापुढे काहीतरी उभं टांगावं लागतं.

हे बागबाजारच्या जुन्या घरांना चांगलं ठाऊक होतं. तिथल्या खिडक्यांच्या लाकडी झडपा बघा, बंगालीत त्यांना खडखडी म्हणतात. ऊन बाहेर, वारा आत. व्हरांड्यावर बांबूच्या चिकाही त्याचसाठी. जैसलमेरच्या अरुंद गल्ल्या आणि भिंतीत खोल बसवलेले दरवाजेही हेच काम करतात. दोन्हीकडची युक्ती एकच: ऊन दारापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही.

काय करायचं, कोणत्या क्रमाने?

१. सावली. पश्चिमेच्या दारापुढे बांबूची चिक किंवा नर्सरीत लावतात ती हिरवी जाळी टांगा. दार आणि जाळी यांच्यात हातभर अंतर ठेवा, म्हणजे मधली गरम हवा निघून जाईल. दाराला चिकटवलेली जाळी फारशी उपयोगाची नाही. शटर वर-खाली होताना ती अडकणार नाही आणि वाऱ्याने सुटणार नाही, हेही बघा.

२. रंग. काळा, गडद निळा, चॉकलेटी हे रंग ऊन पितात. पांढरा, फिकट राखाडी, क्रीम हे रंग ते परत फेकतात. रंग देण्याआधी गंज घासून प्रायमर लावा. पत्र्याला जस्ताचा मुलामा असेल, तर दुकानदाराला आधी सांगा. त्याचं प्रायमर वेगळं असतं. रंगकाम सकाळी करा. तापलेल्या पत्र्यावर रंग नीट धरत नाही.

३. स्वच्छता. दोन्ही बाजूंचे चॅनेल कोरड्या ब्रशने, मग फडक्याने पुसा. चॅनेलमध्ये घट्ट ग्रीस भरू नका. धूळ त्यालाच चिकटते आणि उन्हाने तिचा लगदा होतो. तिथे सिलिकॉनचा हलका स्प्रे पुरे. ग्रीस फक्त बेअरिंग आणि बिजागऱ्यांना.

४. लाकूड. उन्हाळा सुरू होण्याआधी जवसाचं तेल किंवा उन्हात टिकणारं वॉर्निश द्या. दाराची खालची आणि वरची कड विसरू नका. ओल जास्त तिथूनच शिरते.

५. मोटर. शटरला मोटर असेल, तर दुपारी ते पुन्हा पुन्हा वर-खाली करू नका. बऱ्याच मोटरी गरम झाल्या की स्वतःच बंद पडतात आणि थंड झाल्यावरच चालू होतात. रिमोटवाल्या दाराच्या खाली बाजूला छोटे सेन्सर असतात. त्यांवर मावळतीचं ऊन थेट पडलं, तर दार बंद व्हायला नकार देतं. सेन्सरवर पुठ्ठ्याची छोटी टोपी बसवून बघा, मिस्त्रीचे पैसे वाचतील. आणि वीज गेल्यावर शटर हाताने कसं उघडायचं, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला येऊ द्या.

एक गोष्ट मात्र स्वतः करू नका: शटरच्या स्प्रिंगला हात लावणं. ती प्रचंड ताणलेली असते. सुटली तर हाड मोडू शकतं. तिथे मिस्त्रीच हवा.

वाळवंटातलं सगळंच इथे चालत नाही

विदर्भात दारा-खिडक्यांना वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारतात. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते आणि खोली गार होते. राजस्थानातही हे जमतं, कारण तिथली हवा कोरडी. बागबाजार गंगेच्या काठावर. इथल्या दमट हवेत पाणी सहज वाळत नाही. गारवा थोडाच मिळेल आणि शटरला गंज मात्र भरपूर. म्हणून कोलकात्यात लोखंडी दारावर रोज पाणी मारू नका. इथे सावली, फिका रंग आणि गंजाचा बंदोबस्त, एवढंच खरं.

आणि दारामागे कोण आहे?

आपल्याकडे गॅरेजमध्ये नेहमी गाडीच असते असं नाही. कुठे इस्त्रीचं टेबल असतं, कुठे शिलाई मशीन, कुठे मुलांची शिकवणी, कुठे ड्रायव्हर दुपारी आडवा झालेला असतो. तापलेलं शटर त्या खोलीला लावलेल्या शेगडीसारखं वागतं. पंखा फिरत राहतो आणि तीच गरम हवा अंगावर येते.

म्हणून दाराची काळजी ही आत बसणाऱ्याचीही काळजी आहे. शटरच्या वर हवा जायला जाळीची खिडकी असेल, तर ती सामानाने बुजवू नका. आत थर्माकोल किंवा चकचकीत फॉइल लावायचं मनात असेल, तर गुंडाळल्या जाणाऱ्या शटरला ते चिकटवू नका, शटर अडकेल. त्याऐवजी आतून वेगळ्या दांडीवर जाड पडदा लावा. इस्त्री किंवा शेगडी जवळ असेल, तर थर्माकोल आणि पडदा दोन्ही नकोत, आगीचा धोका असतो. आतला पडदा मदत करतो, पण बाहेरच्या चिकेइतकी नाही, कारण तोपर्यंत ऊन आत आलेलं असतं.

जागा तुमची आणि आत काम करणारा भाडेकरू असेल, तर चिकेचा खर्च कुणी करायचा यावर वाद घालत बसू नका. शटर तुमचं वाचतं, दुपार त्याची सुसह्य होते. अर्धा-अर्धा करा आणि मोकळे व्हा.

या रविवारी दुपारी तीन वाजता एक काम करा. दारावर ऊन कुठून येतं ते पाहा, खडूने त्याची कड आखा आणि चारला पुन्हा पाहा. चिक किती रुंद आणि किती खाली हवी, ते त्या रेघा सांगतील. मग ते माप घेऊन बाजारात जा.